एक्केचाळिसावं पान

११ जानेवारी

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून सोडूनच दिलाय. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. तरीही उघडलंस, हेच पुष्कळ झालं.

आई बरी आहे. अर्थात हे तुला माझ्याकडून कळायची गरज नाही. दर रविवारी सकाळी तुझा फोन येतो, ती पलंगावर मांडी घालून पाऊण तास बोलते, आणि मी तेवढा वेळ गॅलरीत कपडे वाळत घालते. नऊ वर्षांत इतके कपडे वाळत घातले की दोरी दोनदा बदलावी लागली. फोन ठेवला की आई मला ऐकू येईल अशा बेतानं भिंतीला सांगते, "शाळेत परीक्षा आहेत म्हणे तिच्या. घसा बसलाय." मग मी भिंतीला विचारते, "औषध घेतलं का?" असं चाललंय आमचं.

कामाचं लिहिते. येत्या जूनमध्ये मी निवृत्त होतेय. प्रयोगशाळेतली माझी दोन्ही कपाटं रिकामी करून द्यायची आहेत. लॅक्टिक आम्लाच्या कामाच्या वह्या एका जागी लावल्या, तर तिसरी सापडत नाही. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर रॉकेलचा डाग पडलेली. तू गेलीस तेव्हा तुझ्या सामानात चुकून गेली असावी. चुकून, असंच मी धरून चालले आहे. ती पाठवून देशील का? झेरॉक्स नको, मूळ वहीच हवी. यादीत मूळ वह्याच लागतात.

माझं म्हणशील तर हल्ली गुडघे बोलतात आणि मी ऐकते. बाकी ठीक.

ताई


२ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले. टपालात पत्रं हरवतात हे मला मान्य आहे, पण इतक्या सोयीनं हरवत नाहीत.

बरं, ऐक. कपाटांचं कारण अगदीच खोटं नव्हतं, कपाटं आहेतच. पण वही हवी आहे ती दुसऱ्या कामासाठी. कारखान्यावर चौकशी समिती बसली आहे.

गेल्या वर्षी आपली पद्धत मोठ्या टाकीवर चढवली. 'आपली' असं लिहून गेले. कारखान्यात तिला 'बाईंची पद्धत' म्हणतात, आणि त्या बाई म्हणजे मी. समितीच्या अध्यक्ष एक वकीलबाई आहेत. शाळा सुटल्यावर रसायनाशी त्यांचा संबंध सुटला, असं त्यांनीच हसून सांगितलं. त्यांना समजेल असं सांगायची तालीम तुझ्यावरच करते, तू काय, फळ्यापाशी उभी राहून रोज हेच करत असशील.

तर असं : आंबवणीच्या टाक्या धुतल्या की जे पाणी निघतं त्यात लॅक्टिक आम्ल असतं, पण शंभरात एखादा भाग. ते पाणी उकळून आटवायचं तर आम्लापेक्षा इंधनच जास्त जळेल. म्हणून त्या पाण्यात रॉकेलचे बारीक थेंब सोडायचे, आणि प्रत्येक थेंबाच्या पोटात सोड्याच्या पाण्याचे आणखी बारीक थेंब. रॉकेलचा तो पातळ थर म्हणजेच आपला पडदा. द्रवाचा, कापडाचा नाही. रॉकेलमध्ये एक वाहक मिसळलेला असतो, तो आम्लाला बोट धरून आत नेतो. आत सोडा भेटला की आम्लाचं मीठ होतं, आणि मिठाला परतीची वाट नसते. बाहेरचं पाणी निर्मळ, आम्ल सगळं आत गोळा. ऐकायला किती छान वाटतं. मी दहा वर्षं ऐकलंय, माझ्याच तोंडून.

फाटकापाशी बाहेर सोडायच्या पाण्याची चाचणी होते. पाणी आंबट नाही असं दिसलं की खालच्या तळ्याकडे सोडून द्यायचं. वर्षभर एकदाही आंबट निघालं नाही. आणि तरी ऑक्टोबरपासून तळ्याला कुबट वास यायला लागला, डिसेंबरात मासे पोट वर करून काठाला लागले. आजूबाजूच्या लोकांनी तक्रार केली, समिती आली.

साहेबांना दोषी शोधायला तीन दिवस पुरले. टाकीवरचा ऑपरेटर. तुला आठवत असेल, पंपांच्या शेजारी आयुष्य गेल्यामुळे ज्याला साधं बोलताच येत नाही, ओरडूनच बोलतो, तो भोंगा. म्हणे त्यानं टाकी ढवळणारा स्टरर मर्यादेपेक्षा जोरात फिरवला, थेंब फुटले, सगळं बिघडलं. त्याला घरी बसवलंय.

मला जबाब लिहून द्यायचा आहे. म्हणून वही हवी. पाठव गं.

ताई


१९ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही, पण लिहायची सवय लागली. दुसरं कुणी नाही ज्याला हे सांगितलं तर अर्ध्यात समजेल.

परवा दुपारी भोंगा घरी आला होता. जिना चढतानाच आवाज आला, "बाई आहेत का घरात?" आई आतून म्हणाली, "कोण भांडतंय?" म्हटलं, कुणी नाही गं, हे असंच बोलतात. तो खुर्चीच्या कडेवर बसला. चहा ठेवला तो तसाच गार झाला.

"बाई, त्या वेगाच्या तबकडीवर लाल रेष कुणी मारली होती?"

"मीच मारली होती."

"मग काटा एक दिवस जरी रेषेच्या वर गेला असेल, तर मला भर कारखान्यात उभा करा आणि सगळ्यांसमोर सांगा. मी मान खाली घालून जाईन. पण गेलेला नाही काटा. पोराच्या पाळण्याकडे बघावं तसं बघायचो मी त्या काट्याकडे."

मग त्यानं आवाज खाली आणला, म्हणजे आपण बोलतो तेवढा केला, आणि म्हणाला, "मुलीला सांगितलंय, रजेवर आहे. रोज विचारते, बाबा, केवढी ही रजा?"

मी म्हटलं, बघते. 'बघते' या शब्दावर मी आख्खी नोकरी काढली आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या जबाबाचा मसुदा टेबलावर ठेवला. आयता टाइप केलेला, फक्त सही करायची. 'स्टररचा वेग मर्यादेबाहेर गेल्यामुळे हाती आलेले आकडे विश्वासार्ह नाहीत. हाताळणीत निष्काळजीपणा झाल्याचे दिसते.' हे वाक्य मी ओळखते. ते माझंच आहे. नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्याबद्दल लिहून दिलं होतं, शब्दाशब्दानं हेच. कारकुनानं जुनी फाइल काढून तुझ्या जागी त्याचा हुद्दा घातला, बास.

चष्म्याची काडी मोडलीय, नीट वाचता येत नाही, असं सांगून मी कागद घरी आणला. काडी मोडली नव्हती. घरी येऊन मोडली, निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून. आता तिला दोरा बांधलाय.

आणि आज मी ते केलं जे तू तेव्हा करत होतीस आणि मी करू नको म्हणत होते. मोठ्या टाकीतून एक कॅन भरून आणला, रॉकेलचे थेंब वेगळे काढले आणि तापवून फोडले. तीन तास खोलीभर तो वास. केसांना अजून येतोय. आतलं पाणी सुटं करून मोजलं. बाहेरचे आकडे सांगतात की शंभरातलं चौऱ्याण्णव आम्ल गेलं. आत सापडलं बावीस.

आपल्या प्रयोगशाळेची रीतच होती. आतलं कुणी मोजायचं नाही, फार वेळ जातो. बाहेर जेवढं कमी झालं तेवढं आत गेलं असं लिहून टाकायचं. "जाणार कुठे?" मी म्हणायचे ना, सगळ्यांना हसू यायचं. तू एकटीच काचेला नाक लावून बसायचीस. "ताई, हे बुडबुडे कशाचे?" थेंब झिरपत होते, सोडा बाहेर येऊन आम्लाशी फसफसत होता, बाहेरच्या बाहेर आम्लाचं मीठ होत होतं. आंबटपणा मोजणारं टायट्रेशन बिचारं सांगायचं, आम्ल नाहीसं झालं. नाहीसं कसलं, तिथेच होतं. तेच पाणी तळ्यात गेलं. आंबट नाही म्हणून निर्धास्त.

तू बरोबर होतीस. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली. पण एक खरंच सांगते, त्या वेळी माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

ताई


६ मार्च

वही आली. चिठ्ठी नाही, ओळ नाही. शाळेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांत गुंडाळलेली. मी गुंडाळीचा एक एक कागद उलटून पाहिला, चुकून काही लिहिलं असशील म्हणून.

मूळ वहीच पाठवलीस. मी मूळ का मागितली होती ते तुला पहिल्याच पत्रात कळलं असणार, तू काही दूधखुळी नाहीस. तरी पाठवलीस. का, ते मला समजत नाही आणि विचारायचं धाडस नाही.

एक्केचाळिसावं पान. तुझं ते गिचमिड अक्षर. 'स्टरर लाल रेषेवर. थेंब फोडले. बाहेरची घट : शंभरात ९४. आत मिळाले : शंभरात १९. बाहेरच्या पाण्यात मीठ सापडले. काचेला बुडबुडे.' आणि खाली माझी सही. तारीख घातलेली. अहवाल साहेबांकडे जायच्या अकरा दिवस आधीची.

तेव्हा मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडून टाक. लक्षात आलं होतं.

तू वही पुढे केलीस, मी ती घेऊन खिडकीपाशी गेले. वाचलं. सही केली, कारण काहीतरी करायला हवं होतं. तुला म्हटलं, उद्या बोलू. तुझा चेहरा असा उजळला होता, बुटके! तुला वाटलं, ताईनं वाचलं म्हणजे झालं. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाखाली सह्या केल्या होत्या, आणि हे एक काम माझं म्हणून लोक बघायला येणार होते. मालक येणार होते. मी तुझ्याशी उद्या बोलले नाही, परवाही बोलले नाही. आणि तू जेव्हा साहेबांसमोर 'आतलं मोजा' म्हणालीस, तेव्हा मी तो कागद लिहून दिला. तू निष्काळजी आहेस म्हणून. तू, जिचा ब्युरेट धरलेला हात मी दुसऱ्यांना बोलावून दाखवायचे.

मला लाज वाटते. नऊ वर्षं रोज वाटते असं नाही, तेवढी चांगली मी नाही. पण वाटते तेव्हा दिवस जात नाही.

तीन दिवस वही जेवणाच्या टेबलावर पडून होती. पान फाडायला घेतलंही. शिवलेली वही, पानांवर छापील आकडे. एक पान ओढलं तर त्याचं जोडपान सुटतं, मग तेही काढावं लागणार, म्हणजे तुझे आणखी चार प्रयोग. मी चिमटीत कागद धरून बसले होते तेवढ्यात आई आली. "काय वाचतेस?" म्हटलं, बुटकीची वही. तिनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिचं अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे का?" मी पान सोडून दिलं.

ताई


२१ मार्च

साहेबांच्या मसुद्यावर मी सही केली नाही. वही समितीला दिली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचशील.

वकीलबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. तुझ्यावर केलेली तालीम उपयोगी पडली. बाई हुशार आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरातून माणूस दिसेनासा झाला, तर तो प्रवासाला गेला असं तुम्ही धरून चाललात. मुक्कामाला पोचला का ते विचारलंच नाही." म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्यांनी एक्केचाळिसावं पान दोनदा वाचलं. रेषेवर वेग ठेवूनही थेंब झिरपतात, हे सांगणारा तेवढाच एक कागद आहे. मी आता फोडून पाहिलं ते त्याच टाकीतलं, साहेब म्हणणारच की ते भोंग्यानंच बिघडवलेलं. नव्यानं प्रयोग करायचा तर टाकीला आणि प्रयोगशाळेला या महिन्यात समितीनं सील लावलंय. सगळं पुन्हा उभं करून निकाल यायला सहा-आठ महिने, आणि तोवर त्याची रजा चालूच.

मग त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही त्याच वेळी वाचलं होतं?"

मी म्हणाले, "शुक्रवारी वीस-वीस पानांवर एकदम सह्या करायची आमची रीत होती. वाचत कोण बसतं?"

त्यांनी ते लिहून घेतलं. झालं. किती सोपं गेलं, मलाच नवल वाटलं. रीत खरी आहे, तू जाणतेस. बाकीच्या पानांच्या बाबतीत तरी खरी आहे.

आता चिडू नकोस. पान समितीपुढे आहे, तुझा आकडा आहे, भोंगा सुटेल, तुझ्यावरचा ठपकाही पुसला जाईल. पद्धतीत खोट होती, माणसांत नव्हती. कुणाचं काय बिघडलं? मी जूनमध्ये चार लोकांसमोर उभी राहीन, ते दोन शब्द बोलतील, मी घरी येईन. एवढंच मागतेय मी. थकलेय गं. खरं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि माझ्यात जेवढा होता तेवढा वही देण्यात गेला.

ताई


३० मार्च

तुला समितीचं बोलावणं आलं असेल.

माझंच मला भोवलं. वकीलबाईंनी तारखा ताडून पाहिल्या. चाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या पानावरच्या माझ्या सह्या शुक्रवारच्या, एक्केचाळिसाव्यावरची बुधवारची. एकट्या त्याच पानावरची. त्यांनी वही माझ्याकडे फिरवून ती तारीख दाखवली.

आणि साहेबांनी माझाच जबाब उचलून धरला. प्रमुखानं वाचून खात्री केलेली नाही, म्हणजे ते पान म्हणजे एका कनिष्ठ मुलीचं कच्चं टिपण, आणि तीसुद्धा निष्काळजीपणाबद्दल काढलेली. अशा कागदावर काय विसंबायचं? माझा तो जुना कागद त्यांनी जोडलाय. म्हणजे भोंगा पुन्हा होता तिथेच, आणि तूही. मी वाचलं नव्हतं असं म्हटलं म्हणून.

त्या दिवशी खोलीत आपण दोघीच होतो. म्हणून तुला बोलावलंय, सोळा तारखेला.

हे मागायला मला तोंड नाही, म्हणून लिहून मागते. ताईनं वाचलं नव्हतं, नुसती सही केली, असं तू म्हणालीस तर माझं निभावेल. तुझा आकडा बरोबर होता हे तू त्यांना दुसऱ्या रीतीनं पटवून दे. तुला येतं ते, पहिल्यापासून येतं. भोंग्यासाठी मी निवृत्त झाल्यावर काहीतरी करीन.

वाचून पाहिलं. 'काहीतरी करीन.' मागे लिहिलेल्या 'बघते'चीच बहीण आहे ही.

पत्र फाडायला हवं, पण पुन्हा लिहायचा कंटाळा आलाय. तसंच पाठवते. तुला जे बोलायचं ते बोल. आईला सांगितलंय तू येणार म्हणून. ती विचारत होती, घरी येईल का. म्हटलं, माहीत नाही.

ताई


१७ एप्रिल

बुटके,

तू काल कुणाशी न बोलता संध्याकाळच्या बसनं गेलीस, म्हणून इथलं कळवते.

मला आज सकाळी कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवून घरी आले. दहा मिनिटांचं काम होतं, मी उगीच जूनची वाट बघत होते. टाकीवरची 'बाईंची पद्धत' ही पाटी काढायला माणूस शिडी लावत होता, त्यानं मला वाकून नमस्कार केला. भोंगा सोमवारी कामावर जाईल. तो येऊन गेला. आभार मानले ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेले असणार, कारण दोन दारं उघडली. तुझ्याविरुद्धचा कागद फाइलमधून रद्द केल्याचं समिती तुला वेगळं कळवणार आहे. तळ्याचं काय करायचं ते अजून कुणाला सुचलेलं नाही. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवून घे.

आता कालचं. तू समोर बसली होतीस, मी मागच्या रांगेत. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान आणि पांढरे झालेले केस. तुझेही पांढरे होतील हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तू काय उत्तर देशील याचा विचार मी सोडून दिला होता. 'हो' म्हणालीस तर मी संपले, 'नाही' म्हणालीस तर भोंगा. दोन्ही माझंच.

वकीलबाईंनी विचारलं, "हे पान तुमच्या बहिणीनं त्या दिवशी वाचलं होतं का?"

तू म्हणालीस, "तिनं वही घेतली, खिडकीपाशी गेली, सही करून परत दिली. एवढं मी पाहिलं. वाचलं का, ते तिला ठाऊक."

"त्यांनी वाचलं नाही असा जबाब दिलाय."

"तो तुम्ही विचारलात तेव्हा." तुझा आवाज जरा बसलेला होता. "आता माझ्यासमोर विचारा. माझ्यासमोर ती खरं सांगेल."

माझं ते पत्र तू वाचलेलं होतंस. त्यात मी तुझ्याकडे काय मागितलं ते तुझ्या पिशवीत असेल. आणि तू भरल्या खोलीत असं म्हणालीस. साहेब काहीतरी बोलायला उठले, वकीलबाईंनी त्यांना हातानं बसवलं आणि माझं नाव घेतलं.

मी उभी राहिले.

"वाचलं होतं," मी म्हणाले.

आणि मग जे तुलाही माहीत नव्हतं, या पत्रांतून सगळं कबूल करतानाही जे मी शिताफीनं बाजूला ठेवलं होतं, जे नऊ वर्षांत मी एकटी असतानाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, ते सांगितलं. "दुसऱ्या दिवशी ही रजेवर होती. मी दार लावून घेतलं आणि तोच प्रयोग माझ्या हातानं केला. स्टरर लाल रेषेवर ठेवला. थेंब फोडले, आतलं मोजलं. वीस आलं. मी भांडी धुऊन ठेवली आणि वहीत काही लिहिलं नाही. तिचा आकडा बरोबर आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर दहाव्या दिवशी मी तिला निष्काळजी म्हणून लिहून दिलं."

तू खुर्चीत मागे वळलीस, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस.

ताई